ऐकण्यात पाच

पत्रकाखाली नावं टाकताना कुणाला विचारायचं नसतं, हे मी कॉलेजात गेल्या गेल्या शिकले. मजकूर लिहायचा, खाली ‘आपले नम्र’ म्हणायचं आणि आठवतील तेवढी नावं ओळीनं मांडायची. ज्याचं नाव राहिलं तो रुसायचा. ज्याचं न विचारता आलं तो पत्रकाची घडी करून खिशात घालायचा आणि घरी नेऊन दाखवायचा. परतूरच्या मोंढ्यामागं हबीबभाईंचा पायानं चालणारा छापखाना होता. लग्नपत्रिका, उरुसाची हँडबिलं आणि आमची पत्रकं एकाच मशीनवर निघत, त्यामुळे आमच्या ‘जाहीर निषेध’च्या कोपऱ्यात कधीकधी एखादं गणपतीचं बोटभर चित्र उमटून यायचं. हबीबभाई मजकूर वाचून चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे. “नाम सब को पूछ के डाले ना, बेटी?” मी म्हणायची, “हो भाई, बिलकुल.” त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि खरं काय ते मला कळलेलं आहे, आता फक्त ते छापायचं राहिलं आहे, असा माझा समज होता. तो समज मोडायला त्याच वर्षी सुरुवात झाली. पुरता मोडला असं आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आम्ही स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरात राहत होतो. आबा पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. रुंद रूळ नवेच पडले होते आणि मालगाडी गेली की फळीवरची भांडी पूर्वीपेक्षा जास्त वाजतात, अशी मायची तक्रार होती. तिचा पहाटेचा पहिला आवाज परातीवर भाकरी थापण्याचा. मग लसूण-मिरची तव्यावर पडायची, सगळे ठसकायचे आणि त्या ठसक्यानं घर जागं व्हायचं. दोन खोल्या, मागं न्हाणी, तिच्या पाण्यावर वाढलेली अंबाडी. ती भाजी आम्ही इतकी खाल्ली, की पुढं पुण्यात कुणी मला ती हॉटेलात ‘खास’ म्हणून वाढली तेव्हा मला हसू आवरलं नाही. मी रोज पॅसेंजरनं जालन्याला कॉलेजला जायची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी शोभाताई आदल्या वर्षीच तिथून बी.एस्सी. होऊन निघाली होती, रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली. ती ओसरीवर शिकवण्या घेई आणि उरलेल्या वेळात इंग्लंडातल्या विद्यापीठांना पत्रं लिही. तिला माती शिकायची होती. “माती काय शिकायची, हितं काय कमी हाय का?” असं माय म्हणायची, आणि ताई हसून म्हणायची, “हाय म्हणूनच.”

एका दुपारी त्यातल्या एका विद्यापीठाचं उत्तर आलं. जागा दिली होती, शिष्यवृत्तीही दिली होती. आबांनी तो लिफाफा हात पुसून घेतला. अट एकच होती. इंग्रजी येतं याचा पुरावा हवा. एक तर इंग्रजीची अमुक परीक्षा द्या आणि नवापैकी साडेसहा तरी मिळवा, किंवा तुमचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असं प्राचार्यांचं पत्र आणा. त्यांचा शब्द होता ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’.

“मीडियम म्हंजे?” मायनं विचारलं. “सदऱ्याचं माप का?”

आबा म्हणाले, “माध्यम गं. कोन्या भाषेत शिकविलं ते.”

“मंग द्या की लिहून, मराठीत शिकविलं म्हणून. त्यात काय लाजायचं?” आणि भिंतीवरच्या, विलायतेत शिकून आलेल्या निळ्या कोटातल्या फोटोकडं बोट करून म्हणाली, “ह्यांची घेतल्ती का कुणी इंग्रजीची परीक्षा?”

आम्ही पोट धरून हसलो. त्या खोलीत सगळ्यात सरळ गोष्ट तिनंच सांगितली होती, हे मला फार उशिरा कळलं. ताई म्हणाली, काळजी नको, प्राचार्य एका मिनिटात सही करतील, कागदोपत्री आमचं माध्यम इंग्रजीच आहे. मी हसायची थांबले. कारण दोनच महिन्यांपूर्वी मी एक पत्रक काढलं होतं.

‘वर्ग मराठीत, पेपर इंग्रजीत: फसवणूक कुणाची?’ असा मथळा होता आणि आजही तो मला आवडतो. मागणी साधी होती. खेड्यातून आलेल्या पोरांना मराठीत शिकवता, मग मराठीत लिहू पण द्या. यात खोटं काही नव्हतं. आमचे रसायनशास्त्राचे साबळे सर पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य वाचत, पुस्तकात बोट घालून ते मिटत आणि आमच्याकडं बघत. “म्हंजे काय झालं?” मग मराठीत असं सांगत, की डोळ्यांपुढं आम्ल उकळायला लागे. ते झालं की पुस्तक उघडत, पुढचं वाक्य. सगळे तास तसेच. ताई एकदा भांडी घासताना म्हणाली होती, “तीन वर्षांत वर्गात एक तास इंग्रजीत झाला न्हाई बघ.” ते वाक्य मी उचललं, शुद्ध केलं, ठळक टायपात पत्रकाच्या मध्यभागी बसवलं आणि खाली तिचं नाव टाकलं. ‘रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली’ हे कंसात. पत्रक बघून ती म्हणाली, “माझं नाव काहून?” मी म्हणाले, “चालतं गं.”

कॉलेजात ते चाललं नाही. प्राचार्यांनी नोटीस काढली, की यापुढं विज्ञानाचे सगळे तास इंग्रजीतच होतील. शिपाई वर्गाबाहेर उभा राहून ऐकायचा. साबळे सर खिडकीकडं बघत पान वाचायचे, वाक्यामागून वाक्य, न थांबता, आणि शिपायाची चप्पल जिन्यात वाजली की पुस्तक आपटून म्हणायचे, “हं, सांगा आता, म्हंजे काय झालं?” पण तोवर तास संपत आलेला असे. पोरं माझ्यावर चिडली. माझ्या बाकावरची मीना म्हणाली, “विजे, पेपर मराठीत करायला निघालीस अन् सरच इंग्रजीत करून आणलेस. धन्य तुझी.” मला राग आला, तिचा नाही, प्राचार्यांचा. आता वाटतं, रागाला मी पत्ता फार पटकन देत असे.

प्राचार्यांच्या खोलीत ताईबरोबर मीही गेले. त्यांनी दोघींना बसवलं. विद्यापीठाचं पत्र शांतपणे वाचलं, अभिनंदन केलं, ते मनापासून होतं. मग खण उघडून त्यांनी माझं पत्रक काढलं आणि ताईपुढं ठेवलं.

“हे वाक्य तुमचं?”

ताई माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. “माझंच हाय, सर.”

“मी डोळे झाकून सही केली असती. पण आमचीच पहिली आलेली मुलगी छापून म्हणते की एक तास इंग्रजीत झाला नाही. उद्या तिकडं कुणी हा कागद पाठवला तर खोटा दाखला दिला म्हणून माझी मान जाईल.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “खुलासा काढा. वर्ग इंग्रजीतच होतात, वाक्य चुकून छापलं गेलं. जिथं जिथं हे वाटलंत तिथं तो वाटा. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन जा.”

“पण सर, वर्ग तर मराठीतच...”

“मग तसाच दाखला देऊ?” ते म्हणाले. “लिहू, मराठीत शिकवलं?”

मी आयुष्यात पुष्कळ साहेबांपुढं उभी राहिले, धरणं धरली, दोनदा पोलिसांच्या गाडीतही बसले. इतकं अचूक उत्तर मला पुन्हा कुणी दिलं नाही. परतीच्या गाडीत ताई खिडकीला डोकं लावून बसली होती. परतूरच्या फलाटावर उतरल्यावर म्हणाली, “तू मला इचारलं का?” मी सांगायला लागले, की चळवळीत सगळेच असं करतात, शिवाय वाक्य तर तुझंच होतं. ती म्हणाली, “भांडे घासताना बोलले मी ते. तुला बोलले. जालना जिल्ह्याला न्हाई.”

चूक झाली की ती दुप्पट जोरानं दुरुस्त करायची, ही माझी तेव्हाची रीत. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी खुलासा लिहिला. चांगला लिहिला, मला लिहिता येत होतं. ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा आला होता. चळवळीचा त्यानं गळाच कापला जाणार होता, पण बहिणीसाठी मी तोही कापणार होते, आणि हे आपलं केवढं मोठेपण, असंही मनात येऊन गेलं होतं. ताई ओसरीवर अंबाडी निवडत होती. मी कागद पुढं केला. तिनं हात पदराला पुसले, वाचलं, पुन्हा वाचलं.

“यात बी माझंच नाव हाय.”

“मंग कुणाचं टाकू? दाखला तुझा हाय.”

“विजे, पयल्या बारीला मला न इचारता खरं छापलंस. आता न इचारता खोटं छापायला निघून राह्यली. दोन्ही बारीला मी कुठं होते गं?” कागद तिनं निवडलेल्या अंबाडीखाली सरकवला. “मी परीक्षा देते.”

आबा म्हणाले, “बराबर.” मायनं त्या दिवशी ताईच्या भाकरीवर लोणी जरा जास्त घातलं, एवढंच.

वाचणं आणि लिहिणं याची ताईला भीती नव्हती. अडचण ऐकण्याची होती. आमच्या गावात इंग्रजी दिसायचं सगळीकडं, औषधांच्या खोक्यांवर, गाडीच्या डब्यांवर, पाट्यांवर. ऐकू मात्र येत नसे. शेजारच्या क्वार्टरातून मोठा रेडिओ आणला. संध्याकाळी विलायतेच्या बातम्या खरखरत यायच्या आणि नेमक्या त्याच वेळी मनमाडकडची मालगाडी यायची. ताई कान रेडिओला लावून बसायची, गाडी गेली की विचारायची, “काय म्हणला?” जणू आम्हांला कळलं होतं. आबांनी आपल्या परीनं हातभार लावला. ड्यूटीवरून आले की दारातच उभे राहून एका दमात म्हणायचे, “ट्वेल्व्ह डाऊन, लाईन क्लिअर, रनिंग लेट बाय फॉर्टी मिनिट्स! काय समजलं?”

“गाडी उशिरा हाय, आबा.”

“बराबर! नऊ मार्क!”

मीही शिकवायला बसले, पण मी पडले पत्रकवाली. परीक्षाच कशी अन्यायाची आहे यावर माझं निम्मं भाषण व्हायचं. जिनं रसायनशास्त्राचे जाड इंग्रजी ग्रंथ एकटीनं फोडून खाल्ले, तिला इंग्रजी येतं का, हे दुसऱ्या मुलखातले लोक टेप लावून ठरवणार! ताई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “झालं का? आता जरा इंग्रजीत भांड. तेवढीच मला सवय.”

परीक्षेचं केंद्र हैदराबादला होतं. आबांच्या पासावर आम्ही तिघं गेलो. केंद्राबाहेर झाडाखाली आबा आणि मी डबा सोडून बसलो होतो. आत जाणारी मुलं एकमेकांशी इंग्रजीत थट्टा करत होती. आबा त्यांच्याकडं असं बघत होते जसं एखाद्या न थांबणाऱ्या गाडीकडं बघावं. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रडका नव्हता. गोंधळलेला होता.

“लिहिण्याचं बरं गेलं. बोलायला बाई होती, चांगली होती, धीम्यानं बोलली.”

“आन ऐकण्याचं?” मी विचारलं.

ती खाली बसली. “टेप सुरू झाली. पयलं वाक्य समजलं. मी थांबले.”

“काहून थांबली?”

“सर थांबतात तसं वाटलं. वाक्य झालं की आता ‘म्हंजे काय’ येईल असं वाटलं गं. मी वाट बघत बसले, आन तवर टेप चौथ्या वाक्यावर गेल्ती.” ती हसली, मग तोंडावर हात दाबून धरला. “तीन वर्षांची सवय. मला कळत बी होतं की थांबायचं न्हाई. तरी दर वाक्याला थांबून राह्यले.”

निकाल आला. वाचण्यात सात, लिहिण्यात साडेसहा, बोलण्यात सहा, ऐकण्यात पाच. सरासरी सहा. लागत होते साडेसहा. ताईनं तो कागद स्वतःच विद्यापीठाला पाठवला, सोबत एक पत्र लिहिलं, काय लिहिलं ते दाखवलं नाही. त्यांचं उत्तर आलं, की अर्ध्यासाठी दार बंद करण्याआधी ते तिला शिकवलेल्या एखाद्या शिक्षकाचं म्हणणं ऐकू इच्छितात. तिच्या इंग्रजीबद्दल, मोकळेपणानं. कॉलेजचा शिक्का नको, शिक्षकाची सही हवी.

आम्ही साबळे सरांच्या जालन्यातल्या घरी गेलो. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी आम्हांला चहा दिला, डिक्शनरी काढली आणि जवळपास तासभर एका कागदावर वाकून बसले. त्या पत्राचं मराठी असं होतं: ‘या मुलीला मी तीन वर्षं मराठीतून शिकवलं, कारण मी सांगतो ते मुलांना समजावं अशी माझी इच्छा होती. पुस्तकं तिनं इंग्रजीत एकटीनं वाचली. तिला जेवढं इंग्रजी येतं ते माझ्या मदतीशिवाय येतं आणि जेवढं येत नाही ते माझ्यामुळं येत नाही.’ खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

ताईला त्या दिवशी पुढं बँकेत काम होतं. पत्र टपालात टाकायचं माझ्याकडं आलं. स्टेशन रोडला पोस्टाच्या अलीकडं झेरॉक्सचं नवं दुकान होतं, आणि माझे पाय आपोआप तिथं वळले. आमच्या मागणीवर आपल्याकडच्या विद्यापीठाचे लोक वर्षभर एकच विचारत होते: मराठीत शिकवतात याला पुरावा काय? पुरावा माझ्या हातात होता, एका प्राध्यापकाच्या अक्षरात. मथळासुद्धा डोक्यात तयार झाला. दुकानदारानं झाकण उघडून विचारलं, “किती काढू?” मशीन गरम होतं, त्याचा वास येत होता. सरांनी हा कागद एका मुलीसाठी लिहिला होता. मी तो छापला असता तर त्यांची उरलेली दोन वर्षं नोटिसांना उत्तरं देण्यात गेली असती. “किती?” तो पुन्हा म्हणाला. मी म्हणाले, “एक बी नको,” आणि पोस्टात गेले. चळवळीतल्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की त्यांना ही गोष्ट सांगावीशी वाटते आणि मी सांगत नाही. त्या विचारतील, मग मागणीचं काय झालं? काही झालं नाही. शिपाई कंटाळला, सर पुन्हा मराठीत शिकवू लागले, पेपर इंग्रजीतच राहिले. माझा भाचा सांगतो, आजही तसंच आहे. मी बरोबर वागले की भ्याले, हे ठरवत बसले की आजही मला एका जागी बसवत नाही.

ताईला बोलावणं आलं. आधी काही आठवडे भाषेचा वर्ग, मग माती. ती गेली. घर इतकं शांत झालं, की मालगाडीचा आवाज बरा वाटायला लागला.

तिचं पहिलं मोठं पत्र आलं, त्याच्या पुढच्या रविवारी साबळे सर पॅसेंजरनं परतूरला आले. पत्र आल्याचं मीच त्यांना वर्गात सांगितलं होतं. माय म्हणाली, “वाच, विजे, सरांना बी ऐकू दे.” मी वाचायला लागले. थंडीचं, उकडलेल्या बटाट्यांचं, प्रयोगशाळेतल्या मातीच्या नळकांड्यांचं सगळे मान डोलवून ऐकत होते. पान उलटलं. तिथं लिहिलेलं मोठ्यानं वाचवेना: ‘वर्गात निम्मं डोक्यावरून जातं. मास्तर बोलत सुटतात, मी पहिल्याच वाक्यावर असते. घरी येऊन रडते आणि पुस्तक वाचून काढते. विजे, तू त्या परीक्षेला किती शिव्या घातल्यास, पण ऐकण्यात पाच दिले ते बराबर दिले होते.’

मी थांबले.

सर पुढं सरकले. चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. “वर्गाचं काही लिहिलंय का? समजतं का तिला?”

“लिहिलंय, सर,” मी म्हणाले. “वर्गात सगळं समजतं म्हणते. पाया पक्का झाल्ता म्हणते.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

“तेवढं परत वाच बरं,” ते म्हणाले. “बराबर कसं लिहिलंय तिनं ते.”

मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्यात नसलेला एकेक शब्द सावकाश, पुन्हा वाचून दाखवला.